मिसळीचे व्हिडिओ सोडून दुबईला जावं का? (नाशिक, ५२ हजार फॉलोअर्स)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफ करा.

मी पंचवटीत राहते, वय २६. अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, हातात २३ हजार येतात. साडेतीन वर्षांपासून नाशिकवर व्हिडिओ करते. मिसळ, जुने वाडे, रविवार कारंजा, घाटावरची सकाळ, असं सगळं. इन्स्टावर ५२ हजार, यूट्यूबवर १९ हजार. यातले निम्मे एकाच व्हिडिओने आले, रंगपंचमीच्या रहाडीच्या. तिवंधा चौकातली रहाड उघडत होते तेव्हापासून मी तिथे उभी होते. वर्षभर मातीखाली बुजवलेला हौद, वरची लाकडं बाजूला केली की आतून एक गार, कुबट वास येतो. तो काही कॅमेऱ्यात येत नाही. पण पहिला धप्पा (हौदातली उडी) पडला आणि रंगाचं पाणी थेट माझ्या लेन्सवर आलं, ते आलं. फोन तिथेच गेला. व्हिडिओ ९ लाख लोकांनी पाहिला.

पैशांचं म्हणाल तर यूट्यूबचे १०० डॉलर साठायला कधी दोन महिने लागतात, कधी तीन. इन्स्टा व्ह्यूजचे काही देत नाही. एखादं हॉटेल नाहीतर साडीचं दुकान महिन्याला तीन-चार हजार देतं, बाकीचे "ताई, दोन प्लेट मिसळ खाऊन जा" यावर भागवतात. ॲसिडिटी झालीये खरं सांगायचं तर.

आता मुद्दा. माझा आत्येभाऊ शारजात एसी मेंटेनन्सला आहे. त्याच्या ओळखीतून एका कन्सल्टन्सीचा (नाव लिहीत नाही) फोन आला. २ लाख ८० हजारांत "क्रिएटर पॅकेज": दोन वर्षांचा व्हिसा, स्टुडिओ, ब्रँडशी ओळखी. म्हणतात, दुबईत एका रीलचे दोन हजार दिरहम मिळतात आणि कर शून्य. ५ हजार टोकन मी भरलंसुद्धा.

पप्पा नोट प्रेसमधून रिटायर झालेत. म्हणाले, "मी ३३ वर्षं नोटा मोजल्या, एकही माझी नव्हती. तू व्ह्यूज मोजतेस." आणि हसले. पण पासबुक कपाटातून काढून टीव्हीवर ठेवलंय, म्हणजे द्यायची तयारी आहे. आई काही बोलत नाही, नुसती भांडी आपटते.

तिकडे गेल्यावर यूट्यूबचे पैसे वाढतात का? मराठीतच करावं की हिंदीत? आणि हे पॅकेज खरं वाटतं का तुम्हाला?

नाशिकरोडचा काका

पोरी, टोकन भरून मग विचारायला आलीस, अस्सल नाशिककर आहेस.

तुझे पप्पा आणि मी बहुतेक एकाच गेटने आत जायचो, म्हणून हक्काने सांगतो. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, मोठ्या पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. जगभरचे कॅमेरे रामकुंडावर येणार, त्यांना साधूंच्या आखाड्यांचा रस्ता सांगायला माणूस लागणार. आणि रामकुंडापासून दहा मिनिटांवर राहणारी तू तेव्हा कुठल्यातरी मॉलमध्ये कारंजं दाखवणार? कारंजंच दाखवायचं तर आपलं रविवार कारंजा काय वाईट आहे.

बाकी मला त्या रीलमधलं काही कळत नाही.

सातपूर_रिटर्न

काका, कुंभाचा मुद्दा शंभर टक्के. पण ताईंनी पैशांचं विचारलंय, त्यावर बोलतो, कारण मी हेच करून परत आलोय.

२०२२ ते २०२४ मी दुबईत होतो. दिवसा टाइल्सच्या दुकानात सेल्समन, रात्री "दुबईतला मराठी माणूस" चॅनल. करामा नावाच्या भागात सहा जणांच्या खोलीत बेडस्पेस, ९५० दिरहम महिना. खालच्या बेडवरचा केरळचा दोस्त नाइट ड्युटी करून झोपलेला असायचा, म्हणून आवाज मी जिन्यात बसून रेकॉर्ड करायचो. माझ्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत लिफ्टची टिंग ऐकू येते. लोकांना वाटायचं बॅकग्राउंड म्युझिक आहे.

पहिली गोष्ट. यूट्यूबच्या जाहिरातीचा दर तुम्ही कुठे बसलाय यावर ठरत नाही, बघणारा कुठे बसलाय यावर ठरतो. तुमचा व्हिडिओ सिन्नरला आणि निफाडला बघितला जात असेल तर तुम्ही बुर्ज खलिफाच्या टोकावरून अपलोड केला तरी दर सिन्नरचाच. यूट्यूब स्टुडिओत ऑडियन्समध्ये जाऊन देश बघा. ९० टक्क्यांच्या वर भारत असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

उलट थोडं कमीच मिळेल. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून जे काही येतं, त्यावर अमेरिकेचा कर कापूनच गूगल पैसे देतं. भारतात राहणाऱ्याला करारामुळे तो १५ टक्के लागतो. यूएईचा अमेरिकेशी तसा करार नाही, तिथे ३० टक्के. शिवाय ॲडसेन्सचा, म्हणजे गूगल ज्या खात्यातून पैसे देतं त्याचा, देश बदलता येत नाही, नवीन खातं उघडून चॅनल त्याला जोडावं लागतं. मला यात दीड महिना गेला.

दुसरी गोष्ट ब्रँडची, आणि इथेच मी तोंडावर पडलो. करामातल्याच एका रेस्टॉरंटच्या मालकाकडे गेलो. तेव्हा माझे ६० हजार फॉलोअर्स होते, चांगला इस्त्रीचा शर्ट वगैरे घालून गेलो. भल्या माणसाने चहा पाजला, आणि म्हणाला, इनसाइट्स उघडून दाखव. टॉप लोकेशन्स: नाशिक, पुणे, मुंबई, संभाजीनगर, जळगाव. दुबई पहिल्या पाचात नाही. त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे विचारलं, "भाई, ये जलगाववाले बिर्याणी खाने फ्लाइट से आएँगे क्या?" चहाचे पैसे घेतले नाहीत एवढंच.

ताई, तुम्हाला कॉलेज रोडचं हॉटेल तीन हजार देतं, कारण तुमची माणसं तिथे चालत जाऊ शकतात. दोन हजार दिरहमची रील कोणाला तरी मिळत असेल, नाही म्हणत नाही. पण ती दुबईत राहणाऱ्या बघणाऱ्यांची किंमत आहे, आणि ते बघणारे तुम्हाला शून्यापासून जमवावे लागतील. तिथे जे बऱ्यापैकी कमावताना दिसतात, त्यातले बरेच जण फ्लॅट विकतात. रील ही त्यांच्या दुकानाची पाटी. कमाई दलालीची.

आणि बघणारे बदलले नाहीत तरी त्यांचे प्रश्न बदलतात. पहिले वीसेक व्हिडिओ धो धो चालले, सोन्याचा बाजार, अबरा (खाडीतली होडी), मेट्रो. मग कमेंटमध्ये एकच गोष्ट सुरू झाली: "दादा, व्हिसाचं काही होईल का?" "दादा, फोर्कलिफ्टचं लायसन्स आहे." मी लोकांना जेवण दाखवत होतो आणि ते माझ्यात एजंट शोधत होते. काही मेसेज अजून उघडवत नाहीत.

"कर शून्य" हे खरंय. पण तुमचा पगार, यूट्यूब, साडीवाले सगळे धरून वर्षाला चार लाखही होत नाहीत. इथेही नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत शून्यच आहे. जो कर तुम्ही भरतच नाही तो वाचवायला पावणेतीन लाख कशाला?

आता कागदपत्रं. यूएईत २०२५ मध्ये जाहिरातदार परमिट आणलंय. सोशल मीडियावर दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करायची तर ते हवं, पैसे घेतले असोत वा नसोत. म्हणजे तुमची "दोन प्लेट मिसळ"सुद्धा त्यात आली. रहिवाशांना पहिली तीन वर्षं फी नाही, पण राहायला आधी व्हिसा हवा आणि धंद्याचं लायसन्स वेगळं. माझ्या वेळी नुसत्या फ्रीलान्स परमिटला साडेसात हजार दिरहम होते, व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी त्याच्या वर. टुरिस्ट म्हणून आलेल्याला वेगळं परमिट, तीन महिन्यांचं, तेही तिथल्या परवानाधारक एजन्सीमार्फतच. कन्सल्टन्सीवाले गोल्डन व्हिसाचं नाव काढतील. तो १० वर्षांचा असतो आणि क्रिएटर लोकांनाही देतात हे खरंय. त्यासाठी एमिरेट्स टॉवर्समध्ये सरकारचंच क्रिएटर्स एचक्यू २०२५ च्या जानेवारीत सुरू झालंय. पात्र असाल तर तिथे थेट अर्ज करा, मधला माणूस लागत नाही.

एक शेवटचं, तुमचे व्हिडिओ पाहिलेत म्हणून. तुम्ही सराफ बाजारात कॅमेरा फिरवता आणि ओट्यावरची आजी हात हलवते, कोणी तरी "ए, मला पण घे" ओरडतं. तुमच्या चॅनलचा जीव त्यात आहे. तिथे अनोळखी माणसाचा परवानगीशिवाय फोटो काढून टाकणं हा सायबर कायद्यात गुन्हा आहे, दंड दीड लाख दिरहमपासून पुढे. मी दोन वर्षं लोकांच्या पाठीच शूट केल्या.

भाषेचं म्हणाल तर मी मध्येच हिंदी केलं. मराठीवाले रुसले, हिंदीवाले आले नाहीत.

लेस्टरची_सून

मी यूकेत आहे, दोनच ओळी. दुबई नाही म्हटल्यावर कोणी तरी "मग स्टुडंट व्हिसावर लंडनला जा" सुचवेलच, म्हणून आधीच लिहिते. स्टुडंट व्हिसावर शिकत असताना आठवड्याला २० तास नोकरी चालते, स्वतःचा धंदा चालत नाही. आणि यूट्यूबची कमाई, ब्रँडचे पैसे हे धंद्यातच धरतात. मी शिकायला आले तेव्हा चॅनलवरच्या जाहिराती पहिल्याच आठवड्यात बंद केल्या. कोर्स संपून ग्रॅज्युएट व्हिसा मिळाल्यावर परत चालू केल्या, त्यावर चालतं. मधल्या काळात माझ्याबरोबरची एक मुलगी बिनधास्त पेड पोस्ट टाकायची. तिचं काय झालं ते इथे नको.

बाकी सातपूरभाऊंचं वाचून मोठ्याने हसले. आमच्याकडे टिंग फायर अलार्मची असते, बॅटरी संपली की दर मिनिटाला.

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

ऑडियन्स बघितलं. भारत ९४ टक्के. यूएई ०.८. म्हणजे बहुतेक आत्येभाऊ आणि त्याचे रूममेट्स.

सातपूरदादा, तुमचं सगळं पटलं, फक्त एक राहून राहून वाटतं. तुम्ही निदान जाऊन आलात. मी मुंबईच्या पलीकडे गेलेली नाही. ऑफिसात टॅलीसमोर बसले की खिडकीतून समोरच्या कंपनीची पत्र्याची भिंत दिसते, रोज तीच. म्हणून त्या फोनवरच्या बाईचं बोलणं इतकं गोड लागलं असावं.

तर आज सकाळी कन्सल्टन्सीला विचारलं: व्हिसा कोणत्या कंपनीच्या नावावर, लायसन्स नंबर काय, जाहिरातदार परमिट कोण काढणार, टोकनची पावती कुठे. दोन तास निळ्या टिका. मग उत्तर आलं: "मॅम, ओन्ली थ्री सीट्स लेफ्ट" आणि विमानाचं चित्र. पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पासबुक उचललं आणि कपाटात ठेवून आले. आईने पोहे केले, कोथिंबीर-खोबरं घालून, म्हणजे वातावरण निवळलंय.

टोकनचे ५ हजार परत मिळतील का? यूपीआयने दिलेत, एका माणसाच्या वैयक्तिक नंबरवर.

सातपूर_रिटर्न

वैयक्तिक नंबरवर! ताई, तुम्ही अकाउंट्सला आहात ना?

आधी लेखी मागा: टोकन परत, सात दिवसांत. व्हॉट्सॲपवरच लिहा, पण कॉल घेऊ नका, कॉलवर ते गोडच बोलणार. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि सगळे मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवा. नाही दिले किंवा ब्लॉक केलं तर १९३० वर तक्रार करा, ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती. त्यांनी कुठेही "जॉब" शब्द वापरला असेल तर आणखी एक गोष्ट आहे. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून ३० हजार अधिक जीएसटीच्या वर घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात नाव नाही हे त्यांना शांतपणे कळवलं की बऱ्याचदा पैसे आपोआप येतात. माझ्या मावसभावाचे आले होते, अर्धे.

आणि दुबई बघायचीच असेल तर जानेवारीत टुरिस्ट व्हिसावर दहा दिवस जाऊन या, आत्येभावाकडे राहा. फिरा, खा, कॅमेरा घरच्यांवरच फिरवा, कोणाची जाहिरात करू नका, फुकटच्या जेवणाचीही नाही. पत्र्याच्या भिंतीचं मला कळतं. मी परत आल्यावर सहा महिने ती भिंतसुद्धा बरी वाटत होती.

नाशिकरोडचा काका

पुढच्या रंगपंचमीला फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाल. आणि पप्पांना विचार, गेटवरचा तो चहावाला आठवतो का.