‘मालकी वहिवाटीची’ : शब्द एक की दोन?

शेतबांध : चुलत्यांनी जमिनीचं जुनं खरेदीखत वाचायला दिलं. त्यात आहे : ‘सदर मिळकत आमचे मालकी वहिवाटीची असून ती जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह तुम्हांस कायम खूष खरेदी दिली असे.’ मालकी म्हटल्यावर वहिवाट वेगळी कशाला? खाली पुन्हा ‘कब्जा’ आणि ‘ताबा’ आहेतच. एकाच गोष्टीला इतके शब्द?

माजघर : एकच गोष्ट नाही हो. आमच्या परसातला फणस कागदोपत्री आजोबांचा, पण फणस उतरवायचे शेजारचे अण्णा. मालकी आमची, वहिवाट त्यांची! वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षं चालू असलेला वापर. म्हणूनच ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हणतात, ‘ताब्याचा रस्ता’ कोणी म्हणत नाही. सरकारी मराठीत त्या हक्काला ‘सुविधाधिकार’ म्हणतात. बांधावरून बैलगाडी अडवली म्हणून तहसीलदाराकडे गेलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द मी अजून ऐकलेला नाही.

शेतबांध : आणि ताबा-कब्जा?

उताराबहाद्दर : दोन्ही अरबीतून आलेले. आज बोलताना ताबा ‘देतात-घेतात’, कब्जा ‘करतात’, म्हणजे कब्जाला जबरदस्तीचा वास लागलाय. पूर्वी तसं नव्हतं. जुन्या सातबाऱ्यावर सरळ ‘कब्जेदाराचे नाव’ असा रकाना असे. जमीन सावकाराच्या हाती देऊन केलेलं गहाण ते ‘कब्जेगहाण’, त्यातही शिवी नाही.

आता त्या रकान्यात ‘भोगवटादार’ असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये हाच शब्द आहे. वर्ग 1 वाला जमीन एरवी मोकळेपणी विकू शकतो, वर्ग 2 वाल्याला आधी परवानगी काढावी लागते. मालक हा शब्द त्या रकान्यात नाहीच, तरी गावभर ‘सातबारा माझ्या नावावर, म्हणजे मी मालक’ चालतं. सातबाऱ्यावरची नोंद खरी धरतात, पण उलट पुरावा येईपर्यंतच. मालकीचा निकाल दिवाणी कोर्टात.

शहरात भोगवटा शब्दाचं नशीब आणखी वेगळं : तिथे तो फक्त इमारतीच्या ‘भोगवटा प्रमाणपत्रा’पुरता उरला, आणि तेही लोक ‘ओसी’च म्हणतात.

माजघर : मग अण्णा फणसाचे मालक होतील का? 😀

उताराबहाद्दर : तुम्ही होकार दिलेला असेल तर नाही. परवानगीने वापरलं त्याला ‘प्रतिकूल ताबा’ म्हणत नाहीत. ताबा उघड, सलग आणि मालकाचा हक्क नाकारून असावा लागतो. 1963 च्या मुदत कायद्यात खाजगी जमिनीसाठी 12 वर्षं, मग मूळ मालकाचा हक्क संपतो. कल्पना मात्र फार जुनी. याज्ञवल्क्यस्मृतीत आहे : ‘पश्यतोऽब्रुवतो भूमेर्हानिर्विंशतिवार्षिकी’. डोळ्यांदेखत दुसरा जमीन भोगतोय आणि मालक गप्प, तर 20 वर्षांनी हानी. पण विज्ञानेश्वराने याच स्मृतीवरच्या आपल्या टीकेत, मिताक्षरेत, अर्थ मवाळ केला : बुडतं ते उत्पन्न, जमीन नव्हे. मला त्याचं म्हणणं जास्त पटतं, कोर्टाला पटो न पटो.

शेतबांध : छान. आता निधी-निक्षेप राहिलं. चुलते म्हणतात ती नुसती यमकं.

उताराबहाद्दर : यमकं नाहीत. निधी म्हणजे जमिनीत पुरलेलं धन, निक्षेप म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव. जुन्या इनामाच्या सनदांत हीच माळ असे, तिथून ती खरेदीखतात आली आणि लेखनिकांनी कधी काढली नाही. गंमत अशी की 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. तेव्हा चुलत्यांनी निधी ‘कायम खूष’ दिला असला, तरी विहीर खणताना हंडा लागला तर आधी जिल्हाधिकारी कार्यालय गाठा.

शेतबांध : विहिरीला पाणी लागलं तरी पुरे. ‘जल’ आधी लिहिलंय.