‘जो स्वतःचा एआय बनवत नाही तो मास्तर पोरांचं नुकसान करतो’ म्हणे!

गणितवाल्या मॅडम, कामठी:
काल शिक्षकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली, जो शिक्षक आपल्या वर्गासाठी स्वतःचा एआय सहाय्यक बनवत नाही तो पोरांचं नुकसान करून राहिला म्हणून. वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहिते. मी आठवीला गणित शिकवते. −3 − (−5) दिलं की अर्धा वर्ग −8 लिहितो. वही घेऊन बाजूला बसवलं तर कळते की एकानं कंसाच्या आतलं वजाचिन्ह पाहिलंच नाही, आणि दुसऱ्याच्या डोक्यात ‘ऋण म्हणजे कर्ज’ एवढंच बसलं आहे, म्हणून त्यानं दोन्ही कर्जं जोडून टाकली. उत्तर एकच, पण समजावायची तऱ्हा दोघांची वेगळी. घरून मोबाईलला विचारून 2 लिहून आणलं की मला यातलं काहीच दिसत नाही. आणि ‘बनवणं’ म्हणजे तरी काय हो? सूचनांचा एक परिच्छेद लिहायचा, चार पीडीएफ चढवायच्या, झाला सहाय्यक. तो त्या फायलींतले तुकडे शोधून उत्तर जुळवतो. एवढ्यावरून आम्हाला कामचुकार ठरवायचं?

प्रयोगशील मास्तर, हिंगणा:
मॅडम ती पोस्ट माझी नाही, पण मी त्याच बाजूचा आहे. माझ्याकडे सातवीत 50च्या वर पोट्टे, प्रत्येकाला वही घेऊन बाजूला बसवायला वेळ आणायचा कुठून? गूगलच्या जेमिनी या एआयमध्ये जेम, म्हणजे आपल्या सूचनांवर चालणारा सहाय्यक, फुकटात बनते. मी त्याला लिहून ठेवलं, उत्तर सांगायचं नाही, आधी पोराला ‘तू काय केलं?’ असं विचारायचं. तुर्कस्तानात जवळपास 1000 पोरांवर प्रयोग झाला, शिक्षकांनी सूचना लिहून दिलेला ट्यूटर ज्यांना मिळाला त्यांचा सराव 127 टक्क्यांनी सुधारला. साधा चॅट वापरणारे मात्र तो काढून घेतल्यावर परीक्षेत 17 टक्के मागे पडले. म्हणजे शिक्षकानं बनवलेलाच पाहिजे, हेच तर सिद्ध झालं ना.

गणितवाल्या मॅडम, कामठी:
पुढचं वाक्य काहून खाल्लं? तोच ट्यूटर काढून घेतल्यावर ती पोरं परीक्षेत नुसतं पुस्तक वापरणाऱ्यांच्या बरोबरीलाच आली. नुकसान टळलं हे कबूल, पण फायदा कुठे झाला सांगा. आणि तुमचा जेम ‘मला समजत नाही’ दोन-तीनदा म्हटलं की सगळं उत्तर ओकून मोकळा होतो, माझ्या भाच्यानं माझ्यासमोर करून दाखवलं.

उमरेडकर:
दोघांचंही बरोबर असेल पण राजेहो, हे सगळं करायचं कधी? सकाळी आल्याबरोबर पोषण आहाराची नोंद, मग यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती, मग आधार जुळत नाही म्हणून पालकांना फोन, मग लिंक भरा, स्क्रीनशॉट टाका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 कोणी वाचते का नाही? शिक्षकाला अशैक्षणिक काम लावू नये असं 2009 पासून लिहून आहे.

रिटायर्ड गुरुजी, महाल:
पूर्ण वाचा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं त्याच कलमात वगळली आहेत. आम्ही केली, तुम्हीही करा, उगाच रडू नका.

उमरेडकर:
गुरुजी निवडणुकीचं नावच काढलं नाही मी! यू-डायस आणि आधार त्या तिघांत कुठे बसते ते दाखवा. तुमच्या काळी हजेरीपटावर सही केली की काम संपत होतं. मागच्या महिन्यात मी वर्गात भूगोल शिकवत असताना ‘आत्ताच्या आत्ता भरा’ म्हणून तीनदा फोन आला, तिसऱ्यांदा खडू फळ्याखाली ठेवून बाहेर गेलो. त्या तासाला पोरांनी काय शिकलं? आमच्यासाठी एआय बनवायचाच तर ही माहिती भरणारा बनवा ना, त्यासाठी कोणी पोस्ट टाकत नाही.

रिटायर्ड गुरुजी, महाल:
आवाज खाली. एक शिक्षकी शाळा चालवली आहे मी, चार वर्ग एका खोलीत. काम आम्हालाही होतं. माहितीचं तेवढं खरं आहे, एकच आकडा चार ठिकाणी भरायला लावणं चूक आहे.

मानेवाड्याची आई:
मास्तर, एक विचारू? तुमच्या त्या जेममध्ये पोरांची नावं आणि मार्क आहेत का?

प्रयोगशील मास्तर, हिंगणा:
घटक चाचणीचा तक्ता चढवला आहे. त्याशिवाय कोण कुठे अडते हे त्याला कसं कळणार ताई.

मानेवाड्याची आई:
मग मी तुमच्या विरोधात आहे. एका शाळेतून मार्कांचा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरला होता, माझ्या पोरीचं नाव सगळ्यात खाली. सोसायटीतल्या पोरांनी चिडवलं, पुढचे कितीतरी दिवस सकाळी पोट दुखते म्हणून रडायची, शाळेत जायलाच तयार नव्हती. तो निदान दहा-बारा घरांत गेला, हा कुठे जाऊन बसला तुम्हाला तरी सांगता येईल का? 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात 18च्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लिहिली आहे, तीही पडताळता येईल अशी. तुम्ही कोणाला विचारलं? आणि तुमचा जेमिनी राहू द्या, पण चॅटजीपीटीही 13च्या आतल्यांसाठी नाहीच, सातवीतली कितीतरी पोरं त्या वयात बसत नाहीत.

प्रयोगशील मास्तर, हिंगणा:
मी काही पोरांचा बाजार मांडला नाही ताई, जरा सांभाळून बोला. घरी शिकवणारं कोणी नाही, ट्यूशनचे पैसे नाहीत अशा पोरांसाठी रात्री जागून केलं मी हे. तुमच्याकडे ट्यूशन असेल, त्यांच्याकडे नाही.

गणितवाल्या मॅडम, कामठी:
तुमच्या हेतूवर कोणी बोट ठेवून नाही राहिलं सर. पण त्याच पोरांच्या घरी फोन एकच असतो, तोही बापाच्या खिशात, तो रात्री कामावरून येतो तोवर पोरगं झोपलेलं. सराव कोण करणार मग? ज्यांच्या घरी ट्यूशन आहे, तेच. अजून एक सांगते. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात टाईप केलेल्या, त्यांच्या पीडीएफ चढवल्या तर मशीनला नुसती अक्षरांची खिचडी दिसते, पण तो कबूल करत नाही, मनचेच प्रश्न ‘तुमच्या पेपरात आहे’ म्हणून ठोकून देतो. मला माझे पेपर पाठ आहेत म्हणून पकडलं, पोरानं कसं पकडायचं? जेम तुमच्या हातात राहू द्या, सरावाचे कागद काढा, एकाच प्रश्नाचे चार नमुने काढा, त्याला माझी ना नाही. फक्त तपासून द्या.

प्रयोगशील मास्तर, हिंगणा:
ठीक आहे, नावं आजच काढतो, हजेरी क्रमांकही ठेवत नाही. पण पोरांकडून पूर्ण काढून घेणार नाही, वर्गातल्या लॅपटॉपवर माझ्यासमोर वापरतील. त्यासाठीही पालकांची संमती लागत असेल तर घेतो.

मानेवाड्याची आई:
घ्याच. सही मागायला याल तेव्हा कागदावर मराठीत लिहून आणा, कोणत्या कंपनीचं आहे, काय काय चढवलं आणि वर्ष संपल्यावर पुसणार का. वाचून ठरवीन.