रॅम्पवर गाडी बंद पडते. क्लच नक्की सोडायचा कसा?

तिसरा_मजला:
मंडळी, वय 44, लायसन्स मिळून दोन महिने झाले. स्कूलच्या गाडीवर 21 दिवस शिकले, टेस्ट पहिल्या फटक्यात पास. आता घरची गाडी (पेट्रोल, मॅन्युअल, आठ वर्षं जुनी) हातात घेतली आणि कळलं, की मला क्लच येतच नाही!

सोसायटीचं पार्किंग बेसमेंटला. रॅम्प संपतो तिथेच गेट, त्यामुळे वॉचमन उघडेपर्यंत चढावर थांबावं लागतं. तिथून गाडी उचलायला गेले की एक झटका आणि बंद. परवा लागोपाठ तीनदा. मागच्या गाडीतल्या काकांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

अहो म्हणतात, "हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) धरून ठेव." धरली, तर जळका वास आला. काय करू? परत क्लास लावू?

गिअरबदलू:
ऑटोमॅटिक घ्या, विषय संपला.

तिसरा_मजला:
पैसे तुम्ही पाठवताय का? :)

डावा_पाय:
ताई, तुमचा दोष कमी आहे. स्कूलच्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. तुम्ही चुकलात की सर तिकडून गुपचूप क्लच दाबतात, गाडी बंद पडत नाही आणि आपल्याला वाटतं जमलं. मीही असाच 'शिकलो' होतो.

आधी आत काय चालतं ते बघा. गाडी उभी असतानाही इंजिन मिनिटाला 800च्या आसपास फेरे मारत असतं आणि चाकं शून्यावर. फिरणारं आणि थांबलेलं एकदम जोडलं तर कोणीतरी हार मानणारच. इंजिन हार मानतं, तेव्हा गाडी बंद पडते. क्लच प्लेट मधल्या मध्ये थोडी घसरत, घासत दोघांना एका वेगावर आणते. त्या घासण्यासाठी लागणारा वेळ तुम्ही तिला देत नाही, एवढंच.

रविवारी सकाळी मोकळं, सपाट मैदान गाठा. सीट इतकी पुढे घ्या, की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पहिला गिअर टाका आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवूच नका. ब्रेकजवळ असू दे. आता क्लच अगदी हळू वर येऊ द्या. सुरुवातीला काहीच होणार नाही. मग एका जागी इंजिनाचा आवाज जड होईल, स्टिअरिंगला बारीक थरथर येईल आणि गाडी पुढे सरकू लागेल. तिथे पाय थांबवा. मनात एक-दोन म्हणा, मग उरलेला सोडा. नवशिके नेमके याच जागी पाय उचलून टाकतात.

क्लच पूर्ण सुटल्यावर गाडी नुसत्या आयडलिंगवर (ॲक्सिलरेटर न देता), साधारण भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाईल. थांबा, परत करा. 20-25 वेळा. ती जागा पायाला कळली पाहिजे, डोक्याला कळून उपयोग नाही. आणि प्रत्येक गाडीची ती जागा वेगळी. स्कूलची तुमच्या पायात बसली असेल, घरची अजून बसायची आहे.

ग्रीसचे_हात:
वरचं सगळं बरोबर. वासाबद्दल सांगतो. तो प्लेटच्या अस्तराचा. एकदोनदा आला म्हणून प्लेट गेली असं नाही, पण थांबून गाडी थंड होऊ द्या. गेटपाशी वाट बघताना हाफ क्लचवर तोलून धरणं म्हणजे रिकामा तवा तापवत बसणं. वाट बघायची ब्रेकवर, न्यूट्रलमध्ये.

जुनी गाडी आहे, तर हेही बघा: चौथ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं होतंय का? मग प्लेट घसरतेय. बदलायची वेळ आलीच तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही (क्लचचेच बाकीचे भाग) तेव्हाच बदलून घ्या, कारण प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी असते. एकाच गाडीची प्लेट कोणाकडे लाखभर किलोमीटर जाते, कोणाकडे तिसाव्या हजारात हात वर करते. बहुतेक वेळा कारण एकच, चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय.

घाटातला_म्हातारा:
आम्ही कुंभार्ली घाट हाफ क्लचवर काढलाय, काही झालं नाही. हँडब्रेक वगैरे टेस्टपुरतं.

डावा_पाय:
काका, तुमच्या पायाला चाळीस वर्षांची सवय आहे. ताईंना हँडब्रेकच सांगेन. रॅम्पवर हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच त्या जागेपर्यंत वर. बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. बॉनेट उचललं नसेल तर हँडब्रेकला हात लावू नका, मागचे कितीही घाई करोत.

घाटातला_म्हातारा:
बरं बाबा. पण मग एक माझंही ऐका. त्याच रॅम्पवरून खाली उतरताना क्लच दाबून ठेवू नका. गाडी गिअरमध्येच राहू द्या, इंजिन तिला धरून ठेवतं. क्लच दाबलात की सगळा भार ब्रेकवर. हे आम्ही घाटात शिकलो.

तिसरा_मजला:
काका, मी नेमकं तेच करत होते! ब्रेकच्या आधी क्लच दाबायची सवय लागली आहे.

घाटातला_म्हातारा:
आधी ब्रेक. गाडी थांबायला आली, धडधडू लागली, की मग क्लच.

तिसरा_मजला:
अपडेट: रविवारी मैदानात तासभर काढला. सुरुवातीला दहाबारा वेळा बंद पडली, मग अचानक पायाला ती थरथर कळली. डोळे मिटूनही कळेल असं वाटलं (मिटले नाहीत). आज रॅम्पवर हँडब्रेकने एकदाच बंद पडली, दुसऱ्यांदा गेली. तेच काका मागे होते.

आता एक अडचण. पाहुण्यांची गाडी आडवी लागली, तर रॅम्पवर रिव्हर्सने चढावं लागतं. तिथेही हेच?

डावा_पाय:
हेच. रिव्हर्सलाही पहिल्या गिअरसारखाच जोर असतो. फक्त आता बॉनेट नाही, मागचा भाग उचलल्यासारखा वाटेल. आणि काकांना आधी पुढे जाऊ द्या.