कर्जमाफी होईपर्यंत थांबायचं का? शेतकरी आत्महत्यांवर चर्चा

कोरडवाहू (मूळ धागा)
१९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचं एक अख्खं शेतकरी कुटुंब गेलं. त्यानंतर २००६ चं पंतप्रधान पॅकेज आलं, २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या झाल्या. तरी २०२२ च्या आत्महत्यांच्या सरकारी नोंदीत महाराष्ट्रातले शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८ जण आहेत. शेतमालाच्या भावासाठी भांडूच. पण माणूस वाचवायचं काम त्यापायी अडवून ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

माझे काका. २०१४ च्या गारपिटीत त्यांचा हरभरा झोपला. मग ते पारावर जायचे बंद झाले. ताटात भाकरी कुस्करून ठेवायचे, खायचे नाहीत. ज्या गाईला कधी विकू दिलं नव्हतं ती एका बाजारात देऊन टाकली. आमच्याकडे आले तेव्हा हातातलं घड्याळ काढून माझ्या मुलाला दिलं. ‘काका हल्ली गप्प असतात’ असं आम्ही सगळे एकमेकांना म्हणत होतो. त्यांना कोणीच विचारलं नाही. सोसायटीचं कर्ज होतंच, पण त्यांच्याहून जास्त थकबाकी असलेले त्याच गावात कितीतरी होते. काका आतून एकटे पडले होते.

दुसरी गोष्ट घरातल्या विषाची. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली. वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं, आणि पीकही घटलं नाही. तिथली गरिबी काही त्यामुळे संपली नव्हती.

बोंडअळीग्रस्त
दादा, काकांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा मुद्दा मला मान्य नाही. शेतकऱ्याला मनाचा रोगी ठरवलं की सरकार सुटतं. कापसाचा खर्च निघत नाही, विमा मिळत नाही, बँक दारात उभं करत नाही म्हणून सावकाराकडे जावं लागतं. यात मनाचा काय दोष? २०२२ च्या देशभरातल्या सगळ्या आत्महत्यांच्या नोंदीत सगळ्यात मोठं कारण ‘कौटुंबिक समस्या’ लिहिलंय, जवळपास ३२ टक्के. नवरा-बायकोचं भांडण बँकेच्या नोटिशीवरून झालं तरी पंचनाम्यात भांडणच येतं. मी गावात दोन पंचनाम्यांना हजर होतो, म्हणून सांगतो.

रात्रपाळी_सिस्टर
ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षं आहे. वाचलेल्या माणसाच्या उशाशी पहाटे बसते, तेव्हा बहुतेक जण एकच विचारतात: ‘सिस्टर, मी वाचेन ना?’ काल संध्याकाळपर्यंत ज्याला जगायचं नव्हतं तोच हा माणूस. तो आवेग काही तासांचा असतो, कधी काही मिनिटांचा. तेवढ्या वेळात हाताशी विष नसलं आणि शेजारी माणूस असलं तर पुष्कळ जण निभावतात. बोंडअळीग्रस्त भाऊ, मनावर उपचार करणं म्हणजे दोष देणं नव्हे. चिंतेने रक्तदाब वाढला तर गोळी देतोच ना आपण? कर्ज फिटेपर्यंत थांबा असं नाही म्हणत.

सातबारा_सासऱ्यांच्या_नावे
मी बोलू का? माझे मालक २०१२ मध्ये गेले. २००५ पासून अशा घरांना सरकारची एक लाखाची मदत आहे, पण आमचं प्रकरण अपात्र झालं. जमीन सासऱ्यांच्या नावावर, कर्ज मालकांनी परवाना नसलेल्या सावकाराकडून घेतलेलं. तलाठ्यापासून तहसीलपर्यंत चौदा चकरा मारल्या, कडेवर पोरगी. ज्या दिवशी ‘अपात्र’ असं ऐकलं त्या रात्री माझ्याही मनात नको ते आलं होतं. जाऊबाईने ओळखलं आणि महिनाभर माझ्याजवळ झोपली. काही उपदेश केला नाही तिने.
आणि अजून एक. २०२२ मध्ये देशात २५ हजारांहून जास्त गृहिणींनी जीव दिला, शेती करणाऱ्या सगळ्यांच्या दुपटीहून जास्त. त्यांचं कोणी पॅकेज मागितलं का? मालक गेले की कर्ज, शेत, म्हातारी माणसं सगळं बाईच्या अंगावर येतं, आणि तिला कोणी शेतकरीच म्हणत नाही.

बोंडअळीग्रस्त
ताई, तुमच्यापुढे मी काय बोलणार. पण अपात्र कोणी ठरवलं? व्यवस्थेनेच. आणि कोरडवाहू, श्रीलंकेचं अर्धंच सांगितलंत. तिथेच गावोगाव घरांना विष ठेवायला कुलपाच्या पेट्या वाटून मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला, फरक पडला नाही. फरक पडला तो बंदीने, म्हणजे सरकारी निर्णयाने. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळात नुसत्या फवारणीने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हाही दोष शेतकऱ्यालाच दिला की मास्क लावला नाही. घराघरावर जबाबदारी टाकू नका.

कोरडवाहू
पेट्यांचं बरोबर आहे, मी सांगायला हवं होतं. बंदी हवीच, त्या मागणीत मी तुमच्याबरोबर आहे. तरी काकांची गाय बाजारात गेली त्या दिवशी माझं विचारणं कुठल्या मंत्रालयात अडलं नव्हतं. ते मी कोणावर ढकलू?

पुण्यात_नोकरी
पहिल्यांदाच लिहितोय. बाबा गावी एकटेच असतात. परवा फोनवर म्हणाले, ‘माझ्यामागे घराचं बघशील ना.’ तेव्हापासून झोप नाही. थेट विचारलं तर उलट डोक्यात येईल का त्यांच्या?

रात्रपाळी_सिस्टर
नाही येत, बाळा. विचारल्याने माणूस हलका होतो. आडून विचारू नको. ‘बाबा, जीव द्यावा असं मनात येतंय का?’ असंच विचार, आणि मग तू गप्प राहा. ‘असं बोलू नका’ म्हणू नको, त्यांना बोलू दे. हो म्हणाले तर फोन ठेवू नको, दुसऱ्या फोनवरून शेजारच्यांना घरी पाठव. १४४१६ वर टेली मानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलतात. तू स्वतःसाठीही लाव.

बोंडअळीग्रस्त
गाव कोणतं ते इथे नको, मला निरोपात कळव. आपल्या भागातलं असेल तर मी आत्ता मोटरसायकल काढतो. फवारणीचं सगळं माझ्या गोठ्यावर आणून ठेवतो, आणि रात्री तिथेच राहतो.