मदत हवी आहे: त्वचेच्या नमुन्यातली मायक्रोफायलेरिया (धाग्यासारख्या परजीवी फायलेरिया कृमीची सूक्ष्म अळी) ओळखायची कशी?
परजीवीशास्त्रातले कोणी जाणकार आहेत का? मध्य आफ्रिकेतून आलेल्या रुग्णाच्या कमरेजवळच्या त्वचेचे बारीक तुकडे रात्रभर सलाइनमध्ये ठेवले. मायक्रोफायलेरिया बाहेर आल्या, आवरण नाही. ऑन्कोसर्का (नदीअंधत्व आणणारा कृमी) म्हणावं, तर शेपूट आकड्यासारखं वळलेलं. म्हणून मॅन्सोनेला स्ट्रेप्टोसर्का या त्वचेतल्याच दुसऱ्या फायलेरिया कृमीची शंका. पहिल्यात शेपटीचं टोक केंद्रकांविना रिकामं, दुसऱ्यात केंद्रकं थेट टोकापर्यंत, इतकं माहीत आहे. पण गिम्सा रंगात नेमकं टोकच गडद रंगलंय, त्यामुळे तिथली केंद्रकं कळत नाहीत, नशीब आमचं! शिवाय तुकड्यासोबत थोडं रक्त आलं होतं, त्यामुळे रक्तात सापडणारी मॅन्सोनेला पर्स्टान्सही नाकारता येत नाही. हिमॅटॉक्सिलिन या दुसऱ्या रंगाने केंद्रकं स्पष्ट दिसतील, की सरळ पीसीआरला (डीएनए तपासणीला) पाठवू? ऑन्कोसर्का असेल तर डायइथाइलकार्बामॅझिन हे फायलेरियावरचं औषध देणं धोक्याचं, त्यामुळे अंदाजावर भागणार नाही.