ऑर्केस्ट्रात माझा बेस ऐकूच येत नाही, अँप घेऊ की पेडल? बजेट ३५ हजार

कृष्णाकाठचा_बेसवाला:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी कराडचा, आमचा आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे, ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, एक गिटार, दोन सिंगर आणि मी. लग्नं, नवरात्र, वाढदिवस, गणपतीत तर दहाही दिवस बुक. माझ्याकडे यामाहाचा टीआरबीएक्स१७४ बेस गिटार आहे, तीन वर्षं झाली, तारा दुकानातून आल्या तेव्हाच्याच आहेत (हसू नका). घरी २० वॅटचा छोटा अँप आहे त्यावर एकदम मस्त वाजतो, जमीन हलते म्हणा ना. पण प्रोग्रामला गेलो की गायब. नुसता घुमल्यासारखा आवाज, कुठला सूर वाजवतोय ते मलाच कळत नाही, आणि नंतर लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ बघितले की त्यात तर मी आहे का नाही तेच कळत नाही, नुसती बोटं हलताना दिसतात. घरचे म्हणतात तू उभा कशाला असतोस. आता भिशीचे ३५ हजार हातात आलेत. मोठा अँप घेऊ, की कॉम्प्रेसर (आवाज एकसारखा ठेवणारा) आणि ओव्हरड्राइव्ह (खरखर देणारा) असे पायाने चालवायचे दोन-तीन चांगले पेडल घेऊ? का बेसमधला पिकअपच (तारांचा आवाज पकडणारा भाग) बदलून टाकू? एकदाच काय ते सांगा, पैसे परत यायचे नाहीत.

खर्जातला_माणूस:
थांब भावा, पाकीट आत ठेव. आधी दोन गोष्टी सांग. बेस मिक्सरला कसा लावतोस? आणि ईक्यू, म्हणजे लो-मिड-हायचे नॉब, कसे असतात?

कृष्णाकाठचा_बेसवाला:
दादा, जॅक सरळ मिक्सरला. साऊंडवाल्याकडेच १५ मीटरची वायर असते ती घेतो. ईक्यू म्हणजे लो जवळजवळ फुल, मिड पूर्ण मागे, हाय थोडा वर. घरच्या अँपवर पण तसंच, कुठल्यातरी व्हिडिओत बघून केलं होतं. बेसवरचे तिन्ही नॉब फुल.

खर्जातला_माणूस:
हं. मग तुझं दुखणं इथेच आहे, पेडलचा काही संबंध नाही.

तुझा बेस पॅसिव्ह आहे, म्हणजे आत बॅटरी-बिटरी काही नाही, पिकअपमधून निघणारा सिग्नल अगदी नाजूक असतो. त्याला पुढे साधारण १ मेगओहमचा इनपुट लागतो, अँपला आणि पेडलला तसा असतो. मिक्सरचा लाइन इनपुट असतो १० ते २० हजार ओहमचा. तिथे सरळ लावलं की वरचा सगळा कणा जातो आणि पिठल्यासारखा आवाज उरतो. त्यात १५ मीटरची गिटार वायर, ती स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, जेवढी लांब तेवढा ट्रेबल खाते, आणि वाटेत लायटिंगची वायर आडवी आली की घूंऽऽ फुकट. यावर इलाज म्हणजे डीआय बॉक्स, बेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा छोटा डबा. बेसपासून डीआयपर्यंत तीन मीटरची वायर, डीआयमधून माइकवाली एक्सएलआर केबल मिक्सरला. ती बॅलन्स्ड असते, तीस मीटर टाकली तरी काही होत नाही.

दुसरं म्हणजे मिड. तुझी सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. मोबाइलचा स्पीकर त्याच्या जवळपासही जात नाही, मंडपातले बरेच टॉपसुद्धा (वर ठेवलेले स्पीकर) जात नाहीत. मग आपल्याला बेस ऐकू कसा येतो? त्या सुराचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट हर्ट्झचे सूर ऐकू येतात, ८२, १२३, १६५ असे चढत जाणारे, आणि खालचा सूर आपला कान स्वतःच भरून घेतो. तू ईक्यूत मिड मागे घेऊन नेमका तोच भाग कापतोयस! एकट्याने वाजवताना तो आवाज गोड लागतो, पण आठ जणांत त्या खालच्या जागेत ऑक्टोपॅडची किक आणि ढोलकीची धुम आधीच बसलेली असते. उद्या प्रॅक्टिसला लो मध्यावर आण, मिड पुढे कर, ऐकायला जरा नाकातला, कडक वाटेल, वाटू दे. आणि बेसवरचा मागच्या पिकअपचा व्हॉल्यूम अर्ध्याच्या खाली घे. दोन्ही पिकअप फुल ठेवले की एकमेकांचे मिड थोडे खातात, पुढचा एकटा भरीव लागतो.

डिस्टॉर्शनच_जीवन:
काका लोकांचं नेहमीचं, काहीच घेऊ नको. मी डोंबिवलीत मेटल बँडला वाजवतो, पेडलशिवाय बेस म्हणजे फोडणीशिवाय वरण. थोडासा ड्राइव्ह दिला ना की नवे हार्मोनिक्स तयार होतात आणि तुम्ही वर जे सांगताय तेच होतं, छोट्या स्पीकरवर पण बेस कळतो. फक्त गिटारचा ओव्हरड्राइव्ह घेऊ नकोस, त्यातले बरेच खालचा लो-एंड कापतात, माझे पहिले सहा महिने त्यातच गेले, ड्राइव्ह चालू केला की बँडच्या खालचा पाटच काढून घेतल्यासारखं व्हायचं. ज्याला ब्लेंडचा नॉब आहे असाच घे, म्हणजे साधा आवाज खाली तसाच राहतो आणि खरखर वरून मिसळता येते. बॉसचा ओडीबी-३, डार्कग्लासचे बरेच ड्राइव्ह, सॅन्सअँप बेस ड्रायव्हर, यांना आहे. सॅन्सअँप तर डीआय पण आहे, काकांचं पण समाधान 😄

खर्जातला_माणूस:
मुद्दा बरोबर आहे, ड्राइव्हने बेस पुढे येतो हे मान्य. पण सॅन्सअँपबद्दल एक सांगून ठेवतो, त्याच्या पहिल्या व्हर्जनला मिडचा नॉबच नाही, आणि त्याचा मूळ आवाजच मिड खाली घेतलेला. बेहरिंगरचा बीडीआय२१ त्याच वळणावर गेलाय, स्वस्त आहे, पण मिडची तीच गत. व्ही२ मध्ये मिड दिलाय, घ्यायचा तर तो. सेकंडहँडमध्ये बहुतेक जुनाच गळ्यात मारतात, नीट बघून घे. बाकी लावणीला किती खरखर चालेल ते तुझ्या ढोलकीवाल्याला विचार, तो काठी घेऊन येईल.

म्हापशेकार:
नमस्कार, मी म्हापशाचा, तियात्राच्या (गोव्याच्या कोकणी संगीत नाटकाच्या) बँडला वाजवतो, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या शेजारी बसून बेस ऐकू येईल कसा ही आमची जन्माची डोकेदुखी, म्हणून लिहितोय. तुझ्या पोस्टमधली एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. दोन कीबोर्ड आहेत ना? त्यांचे डावे हात काय करतात बाबा? ऑर्केस्ट्रात बेसवाला नसतो तेव्हा कीबोर्डवालाच डाव्या हाताने बेस वाजवत असतो, वर्षानुवर्षांची सवय, तू आलास म्हणून ती सुटत नाही. त्यात कीबोर्डची स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) लावली असेल तर तिच्यात पण आयता बेसचा ट्रॅक असतो. म्हणजे तुझ्या खाली तिघं बेस वाजवतायत आणि तिघांचा सूर एकाच वेळी पडत नाही, चिखल होणारच. स्टाइलमधला बेस म्यूट करायला सांग, डावा हात एक सप्तक वर. यात पैसे जात नाहीत, फक्त गोड बोलावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा अवघड काम आहे.

अँपचं म्हणशील तर ३५ हजारात जो मिळेल तो तुझ्या मंडपात पुरणार नाही. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. ड्रम-ब्राससमोर खुल्या जागेत वाजवायचं तर २०० ते ३०० वॅट आणि चांगलं मोठं कॅबिनेट, आणि ते उचलून टेम्पोत कोण टाकणार? १९६९ चा अँपेगचा एसव्हीटी ३०० वॅटचा होता, खाली आठ दहा-इंची स्पीकरचं कॅबिनेट, फ्रिज म्हणतात त्याला, उचलला की कळतं का म्हणतात. तुमच्याकडे आवाज शेवटी साऊंडवाल्याच्या स्पीकरमधूनच जातो, मग डीआय घे आणि त्याच्याकडून स्वतःसाठी एक मॉनिटर, म्हणजे तुझ्याकडे तोंड केलेला स्पीकर, माग.

सोल्डर_ताई:
मी बेस वाजवत नाही, नवरा वाजवतो, मी त्याचा दुरुस्त करते 🙂 पुण्यात असते. पिकअप बदलू नकोस. पुढचा स्प्लिट पिकअप १९५७ पासून जवळजवळ आहे तसाच चालत आलाय, दोन तुकडे एकमेकांची घूं मारतात, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. पहिलं काम म्हणजे तारा! तीन वर्षांच्या तारांत घाम आणि मळ बसून त्यांचा वरचा आवाज मेलेला असतो. मोटाउनचा नावाजलेला बेसवादक जेमरसन, त्याने म्हणे आयुष्यभर बदलल्या नाहीत, पण त्याच्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) होत्या आणि तो जेमरसन होता. तू ४५-१०५ जाडीचा साधा राउंडवाउंड (खरखरीत) सेट टाक. टाकलास की मान बघ, पावसाळ्यात लाकूड हलतं. पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, शेवटचा पडदा दाब, आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. जास्त फट असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) एका वेळी पाव फेरा, बस, मग रात्रभर ठेव. जोर लावायचा नाही.

मागच्या पिकअपला घूं येत असेल तर मागची प्लेट उघडून आतून तांब्याची चिकट टेप लाव आणि ती अर्थच्या वायरला सोल्डर कर, टेप एकमेकांवर चढवून, मध्ये फट नको. टोनचा कपॅसिटर बदलायची हौस असेल तर पासोड्या विठोबाजवळ ४७३ लिहिलेला माग, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, चिल्लरमध्ये येतो. 'व्हिंटेज' म्हणून हजार रुपयांचा विकतात त्याने कानाला काही फरक पडत नाही, माझ्या नवऱ्याला डोळे बांधून दोन्ही ऐकवले, त्याने दोनदा स्वस्तवाला निवडला, तेव्हापासून तो विषय आमच्या घरात बंद आहे.

आता महत्त्वाचं. मंडपात अर्थिंग असतंच असं नाही. बेसच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे तू तारा धरल्यास आणि ओठ माइकला लागले तर करंट तुझ्यातून जातो. एका हळदीच्या कार्यक्रमात नवऱ्याला असा झटका बसला की पिक हातातून उडून समोरच्या पाटावर. जनरेटरवर चालू होतं आणि कोणीतरी घूं जावी म्हणून अँपच्या प्लगची तिसरी पिनच काढून टाकली होती. असं कधीच करू नकोस. घूं घालवायला डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलच्या केबलची शील्ड तोडतं, लाइटची अर्थ नाही. आणि पाचशे रुपयात टेस्टर-मीटर येतं, स्टेजवर चढायच्या आधी माइकची जाळी आणि बेसचा ब्रिज यांच्यात व्होल्टेज बघायची सवय लाव. शंका आली तर वाजवायचं नाही, मग बिदागी गेली तरी चालेल.

डिस्टॉर्शनच_जीवन:
ताई 🙏 आणि अडॅप्टरचं पण सांगा, मी १२ व्होल्टचा राउटरचा लावून एक कोरस पेडल जाळलाय. पेडलला ९ व्होल्ट लागतो आणि मधली पिन निगेटिव्ह, राउटरची उलटी असते.

कृष्णाकाठचा_बेसवाला:
मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय, मध्ये चार प्रोग्राम झाले. तारा बदलल्या, जुन्या काढताना बोटं काळी झाली. साधा ॲक्टिव्ह डीआय घेतला, चांगल्या दोन वायरी, टेस्टर, सगळं मिळून नऊ हजाराच्या आत. लो मध्यावर, मिड पुढे, मागचा पिकअप अर्धा. पहिल्या दिवशी साऊंडवाला म्हणाला गिटार कुठली आणली नवीन. मोबाइलच्या व्हिडिओत पण बेस कळतोय, तेवढ्याने आई खूश. टेस्टर लावला तर उंब्रजच्या मंडपात ७० व्होल्ट दाखवले, वायरमन येईपर्यंत अर्धा तास कार्यक्रम थांबवला, आयोजक चिडले.

कीबोर्डवाल्याचं मात्र अर्धंच जमलं. एकाने डावा हात वर घेतला. दुसरा आमचा ऑर्केस्ट्राचा मालक आहे, तो म्हणतो वीस वर्षं मी असाच वाजवतोय. म्हापशेकर दादा, याला गोड कसं बोलू ते पण सांगा.

म्हापशेकार:
मालक असेल तर त्याच्या डाव्या हाताचं बघून तू वर जा बाबा. बारावा पडदा मोकळा आहे.