शब्दचर्चा : ‘सहायक’ आणि ‘मदतनीस’ – फिजिकल थेरपीतील दोन पदे

प्रश्न :
अमेरिकेतील आरोग्यक्षेत्रातील नोकऱ्यांविषयीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करताना ‘फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट’ आणि ‘फिजिकल थेरपिस्ट एड’ अशी दोन पदनामे शेजारीशेजारी आली आहेत (तेथील ‘फिजिकल थेरपी’ म्हणजे आपली फिजिओथेरपी). पहिल्यासाठी ‘सहाय्यक’ आणि दुसऱ्यासाठी ‘मदतनीस’ असे शब्द मी योजले आहेत. परंतु हे दोन शब्द एकमेकांना पर्याय म्हणूनच वापरले जात असल्यामुळे, एकाच पदाची दोन नावे आहेत असे वाचकाला वाटेल अशी शंका येते. ‘एड’ तसाच ठेवावा, तर अनेकवचनी त्याचे ‘एड्स’ होते, आणि रुग्णालयाविषयीच्या मजकुरात ते मुळीच परवडणारे नाही. जाणकारांनी मत द्यावे.

पहिले उत्तर :
आपली निवड मला योग्य वाटते. फक्त ‘सहाय्यक’ न लिहिता ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’ लिहावे. मूळ शब्द ‘सहाय’ म्हणजे मदत करणारा, आणि त्यावरून भाववाचक ‘साहाय्य’. या दोहोंची सरमिसळ होऊन ‘सहाय्य’ हे रूप रूढ झाले आहे.

आता अर्थाकडे वळू. अमेरिकेत असिस्टंट होण्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतील साधारण दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी लागते, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि राज्याचा परवाना किंवा प्रमाणपत्र मिळवावे लागते. रुग्णाकडून व्यायाम करून घेणे, चालण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव देणे, सांध्याची हालचाल किती होते ते मोजणे ही कामे तो थेरपिस्टच्या देखरेखीखाली करतो; मात्र रुग्णाचे प्रारंभिक मूल्यमापन करणे आणि उपचारांची योजना आखणे हे थेरपिस्टचेच काम राहते. एड होण्यासाठी हायस्कूलचे, म्हणजे बारावीपर्यंतचे, शिक्षण पुरते आणि बाकीचे काम जागेवरच शिकवले जाते : उपचाराची जागा स्वच्छ करून मांडून ठेवणे, चाकाच्या खुर्चीतील रुग्णाला आणणे-नेणे, दूरध्वनी घेणे, अर्ज भरून घेणे. त्यासाठी परवाना लागत नाही. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकड्यांनुसार असिस्टंटचे मध्यक वार्षिक वेतन ६४,०८० डॉलर, तर एडचे ३३,५२० डॉलर होते. जवळजवळ दुप्पट फरक असलेल्या दोन नोकऱ्यांना एकच मराठी शब्द देणे म्हणजे नोकरी शोधणाऱ्या वाचकाची दिशाभूल करणे होय.

मराठीत ‘सहायक’ला हुद्द्याचा वास आहे (सहायक आयुक्त, सहायक प्राध्यापक), तर ‘मदतनीस’ला हाताखालच्या कामाचा. हा भेद आपल्या उपयोगाचा आहे.

दुसरे उत्तर :
वरील मताशी सहमत आहे, पण ‘सहायक’ शब्दात एक सापळा आहे. सहायक प्राध्यापक बढती मिळत मिळत प्राध्यापक होतो, त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात ‘सहायक’ ही शिडीची खालची पायरी असते. फिजिकल थेरपीत तशी शिडी नाही. असिस्टंटने वीस वर्षे नोकरी केली, तरी केवळ अनुभवाच्या बळावर तो थेरपिस्ट होत नाही. त्यासाठी डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही स्वतंत्र, साधारण तीन वर्षांची पदवी घ्यावी लागते. म्हणून पुस्तिकेत ‘कनिष्ठ थेरपिस्ट’ असे चुकूनही लिहू नये. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातही हा भेद पैशांत दिसतो : २०२२ पासून बाह्यरुग्णसेवेत असिस्टंटने दिलेल्या उपचारांसाठी नेहमीच्या रकमेच्या ८५ टक्केच रक्कम मिळते, आणि एडने एकट्याने करून घेतलेले काम तर उपचार म्हणून धरलेच जात नाही.

जाता जाता एक गंमत. ‘चिटणीस’मधील ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. ‘मदतनीस’मध्ये लिहिण्याचा अर्थ उरलेला नाही, शेपूट तेवढे राहिले. आणि या तीन पदांपैकी रुग्णावर केलेल्या उपचाराची नोंद लिहिण्याचा अधिकार ज्याला नाही, तो नेमका आपला मदतनीसच! रोजची उपचारनोंद थेरपिस्ट किंवा असिस्टंट लिहितो; मेडिकेअरच्या रुग्णाचा प्रगती-अहवाल तर थेरपिस्टलाच करावा लागतो.

प्रश्नकर्ता :
दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. पुस्तिकेत काही ठिकाणी एडलाच ‘टेक’ म्हटले आहे. तेथे ‘तंत्रज्ञ’ चालेल का?

पहिले उत्तर देणारे :
चालणार नाही. ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ म्हटले की आपल्याला शिकलेला, यंत्र हाताळणारा माणूस दिसतो, आणि मग हा ‘टेक’ असिस्टंटपेक्षाही वरचा वाटू लागेल. ‘परिचर’ सुचत होता, पण सरकारी मराठीत तो शिपाई झाला आहे आणि ‘परिचारिका’ शेजारीच असल्यामुळे शुश्रूषेचा भास होतो. तेथेही ‘मदतनीस’च ठेवावा.

प्रश्नकर्ता :
मग ‘उपचार-सहायक’ आणि ‘उपचारकक्ष मदतनीस’ अशी जोडी करतो. एकाचे नाते उपचाराशी आणि दुसऱ्याचे खोलीशी, हे नावातच दिसेल. ‘टेक’ शब्द पहिल्यांदा येईल तेथे तो मदतनिसाचेच दुसरे नाव आहे, एवढे सांगणारे एक वाक्य घालतो.